मागचं एक पान, पुढचं एक पान

सरोजा,

तुझ्या शोकसभेत तुझ्या फोटोखाली तेच वाक्य छापलं होतं. हो, तेच. भल्यामोठ्या फ्लेक्सवर, पिवळ्याधमक अक्षरांत, आणि वर मखलाशी अशी की ‘सरोजा मॅडम यांचे आवडते वचन’. मी सभागृहाच्या दारातच थांबले. रडायचं म्हणून घरून निघालेली बाई मी, पण डोकंच सणकलं. ज्या वाक्याला हाकलण्यात तुझी एवढी वर्षं गेली, ते आता हार घालून तुझ्या शेजारी बसलं होतं. मधली तीन टिंबंसुद्धा जागच्या जागी होती.

माझ्यामागून येणाऱ्या कुणीतरी म्हटलं, “किती छान वाक्य आहे, नाही?”

तू असतीस तर तिथल्या तिथे खुर्ची ओढून वर चढली असतीस आणि ते फाडलं असतंस. मी नाही फाडलं. तुझी अम्मा पहिल्या रांगेत बसली होती आणि फ्लेक्सकडे बघत पदराने डोळे पुसत होती.

ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. ज्या निकालातलं ते आहे, त्याचं नावही नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी विद्वान माझ्या या लेखाचा हवाला देऊन ते पुन्हा छापेल, आणि मग मी वर आले की तू मला दारातच धरशील.

आता हा लेख तुला उद्देशून असला तरी वाचणार दुसरेच. त्यातले निम्मे तरी कायद्यातले नसतील. म्हणून तुला तोंडपाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगणं भाग आहे. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस, तुला सवय आहे.

न्यायाधीश निकाल लिहितात तेव्हा आधी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी काय काय मांडलं ते लिहितात. पानंच्या पानं. मग स्वतःचं मत देतात. म्हणजे निकालात छापलेलं प्रत्येक वाक्य न्यायालयाचं असतंच असं नाही. घरी आपण सांगतो ना, “जाऊबाई म्हणाल्या, सासूबाईंना काही कळत नाही,” आणि मग पुढे सांगतो की जाऊबाईंचं काही खरं नाही. ऐकणाऱ्याने पहिलं अर्धं तेवढं उचललं आणि गावभर केलं, की झाली भांडणं. इथे तसंच झालं.

तू तेव्हा नवीन होतीस. सोलापूरच्या आपल्या कॉलेजात संविधानाचा विषय नुकताच तुझ्याकडे आला होता, आणि मूलभूत हक्कांवरचा तुझा पहिला लेख एका नियतकालिकात येणार होता. तुला हवा होता तो निकाल आपल्या ग्रंथालयात नव्हता. तू पुण्याला गेलीस, निकालांचा खंड मिळवलास, आणि संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून हवं तेवढं एकच पान झेरॉक्स करून आणलंस. त्या पानावर ते देखणं वाक्य होतं. ‘वकिलांचे म्हणणे असे की’ हे आदल्या पानावर राहिलं. ‘हे म्हणणे आम्हाला मान्य नाही’ हे पुढच्या पानावर राहिलं. वाक्य लांबलचक होतं, म्हणून मधले काही शब्द गाळून तू तीन टिंबं दिलीस, आणि ‘न्यायालय म्हणते’ असं वर लिहून मोकळी झालीस.

तुझी चूक एवढीच. पुढची सगळी करामत इतरांची. कुणीतरी परीक्षेच्या गाईडमध्ये ते वाक्य उचललं. गाईडातून ते एका जाडजूड पाठ्यपुस्तकात गेलं. पाठ्यपुस्तकात आल्यावर काय, त्याला राजमान्यताच मिळाली. मग लेखांत, प्रबंधांत, चर्चासत्रांच्या भाषणांत. सगळे खाली निकालाचं नाव आणि पान क्रमांक देत होते, जणू स्वतः खंड उघडून बसले होते. तुझं नाव कुणीही दिलं नाही. पण टिंबं तीच आणि तिथेच. भांडं चोरलं, आणि त्यावर कोरलेलं नाव घासून काढायचे कष्टही कुणी घेतले नाहीत.

हे आपल्याला कळलं त्या दिवशी आपण दोघी स्टाफरूममध्ये चहा पीत होतो. इम्रान आला. तुझा लाडका विद्यार्थी, तेव्हा नुकताच हायकोर्टात उभा राहू लागलेला. कोट हातावर, चेहरा पडलेला.

“मॅडम, लई बेइज्जती झाली की,” म्हणाला. “अकलूजचा एक शिपाई. शाळेनं काही न विचारता कामावरनं काढलं. मी म्हटलं, न विचारता काढता येत न्हाय असं आपल्याकडं एवढं भारी वाक्य हाय, काय टेन्शन? तेच पुढं केलं. समोरचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, पुढचं पान वाचावं. जजसाहेबांनी वाचलं. सगळं कोर्ट हसायलतं, मॅडम. आपलं पिटिशन गेलं. कुठल्या गाढवानं लिहून ठेवलंय काय माहीत.”

त्याने पिशवीतून गाईड काढून आपटलं. तू ते ओढून घेतलंस, पान काढलंस, आणि टिंबांवर बोट ठेवून तशीच बसलीस. तुझा चहा निवून गेला. मग म्हणालीस, “इम्रान, ते गाढव मी हाय.”

तो हसला. त्याला वाटलं, मॅडम समजूत काढतायत. तुला राग आला किंवा तू घाबरलीस की तुझं प्राध्यापकी मराठी गळून पडायचं आणि आतलं सोलापूर बाहेर यायचं, हे मला माहीत होतं. म्हणून मी हसले नाही.

तुला मी तेव्हाच सांगितलं होतं. मी कराराचा कायदा शिकवते, आमच्याकडे असली भावनेची भानगड नसते. सांगितलं, की एकाच वाक्यावर अख्खी केस उभी करणं हा इम्रानचा दोष, पान न उघडता छापणं हा गाईडवाल्याचा दोष, आणि ती केस तशीही पडलीच असती. तू म्हणालीस, “पडली असती की. पण माझ्या काठीवर भार देऊन पडली.” तुझं हे असंच. वाद हरायला लागलीस की एक वाक्य असं टाकायचीस की समोरच्याने गप्प बसावं.

आणि मग तुझं ते अकलूज. शहाण्या माणसाने एक पत्र लिहिलं असतं. तू मला रविवारी एसटीत घातलंस. दोन्ही बाजूंना ऊस, खिडकीतून मळीचा वास, आणि तू सगळी वाट बोटांवर मुद्दे मोजत बोलायची तयारी करत होतीस. त्या शिपायाने, महादू काकांनी, आपल्याला बाजेवर बसवलं. कॉलेजच्या दोन मॅडम सोलापुरावरून आल्या म्हणून शेजारच्या बाया दारात जमल्या. तू सोप्या शब्दांत सगळं सांगितलंस: ते वाक्य मी चुकीचं छापलं, ते पुस्तकात गेलं, ते तुमच्या वकिलाने वापरलं. काकांनी सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, “म्हंजी मॅडम, तुमी आता ते पुस्तकात नीट केलं, की माजी नोकरी माघारी मिळंल व्हय?”

तू म्हणालीस, “न्हाय, काका.”

“मग ऱ्हावू द्या की,” ते म्हणाले. “च्या घ्या.”

अजिबात तिरकसपणे म्हणाले नाहीत ते. खरंच चहा घ्या म्हणून म्हणाले. तो चहा तुझ्या घशाखाली कसा उतरला ते मी बघितलंय.

परतीच्या वाटेवर मोहोळ आलं. तू म्हणालीस, “त्यांना मिळणार नाही. पण पुढच्या कुणाला हे बाधायला नको.” मला वाटलं, आठवडाभरात विसरशील. काय मूर्ख होते मी! पुढे काकांना एका डेअरीत काम लागल्याचं इम्रानने सांगितलं, तेव्हा तू स्टाफरूममध्ये पेढे वाटलेस. लोक विचारत होते कशाचे, आणि तू म्हणत होतीस, “दुधाचे.”

तू नियतकालिकाला दुरुस्ती पाठवलीस. पहिले संपादक निवृत्त झाले होते. नव्यांनी कळवलं, दुरुस्ती छापायची आमच्याकडे प्रथा नाही, आपण नवीन शोधनिबंध पाठवावा. दुसरी कुणी असती तर तिथे हात जोडले असते. तू शोधनिबंध लिहिलास! स्वतःच्या चुकीवर! ते वाक्य कुठून कुठे गेलं, कुणी कुणाचं उतरवलं, टिंबांचा माग काढत काढत पार शेवटपर्यंत. सरोजा, मी तुझं सगळं लिखाण वाचलंय, आणि तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला लेख तो होता. तो कुणीही छापला नाही. एकाने कळवलं, विषय फार मर्यादित आहे. दुसऱ्याने लिहिलं, लेखिकेने स्वतःवर अनावश्यक टीका केली आहे. आणि तिसऱ्या परीक्षकाचा शेरा तर मला मरेपर्यंत विसरता येणार नाही: या वाक्यासंदर्भात लेखिकेने प्रमाण पाठ्यपुस्तक पाहावे. तेच पाठ्यपुस्तक. तुझ्याच टिंबांचं.

त्या दिवशी तू घरच्या तेलुगूत “अय्यो देवुडा” म्हणत टेबलावर डोकं ठेवून हसत होतीस. मीही हसले. मग तू हसता हसता थांबलीस आणि खिडकीकडे तोंड करून बसलीस. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, ते अजून मला ठरवता येत नाही.

संदर्भांचं शास्त्र मला तूच शिकवलंस. “विद्या, संदर्भ म्हणजे आहेर गं,” तू म्हणायचीस. दिल्लीवाले परदेशाला आहेर करतात, मुंबई-पुण्याचे दिल्लीला करतात, आपण पुण्याला करतो. सोलापूरला कुणी करत नाही, कारण सोलापूरचा आहेर घेतला म्हणून कुणाची पत वाढत नाही. आणि बरोबरीच्यांत परतीचा आहेर: तू माझा लेख तुझ्या तळटिपेत घाल, मी तुझा माझ्यात घालतो. आठवतात ते शेजारच्या जिल्ह्यातले गृहस्थ? त्यांचा फोन आला, “मॅडम, आपण एकमेकांना सहकार्य करू.” तू विचारलंस, माझा लेख वाचलाय का? ते म्हणाले, “वाचायचं काय त्यात, नाव घालतो की!” तू म्हणालीस, “घाला. पण त्यात चूक आहे असंही लिहा.” त्यांनी फोन ठेवला. तू रिसीव्हर माझ्याकडे धरून म्हणालीस, “बघ, फुकट देतेय तरी कुणी माझी चूक घेईना.”

खरंच, सगळ्यांनी घेतली होती की. फक्त तुझी म्हणून कुणी घेत नव्हतं.

बढतीच्या वेळी तर तू कहर केलास. लोक अर्जात गॅदरिंगच्या सूत्रसंचालनापर्यंत सगळं लिहीत होते, आणि तू तो पहिला, एकमेव नावाजला गेलेला लेख गाळलास. “चुकीच्या लेखाचे गुण घेऊ?” म्हणे. मी किती भांडले. तो लेख म्हणजे ते एकच वाक्य नव्हे, बाकीचा लेख उत्तम होता, हे सांगून घसा कोरडा केला. ऐकलं नाहीस. मग माझी बढती आधी झाली. तू माझ्यासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि बांधणीचा ब्लाऊजपीस घेऊन आलीस, आणि एवढी मनापासून खूश झालीस की मला तोंड लपवावंसं वाटलं. माझ्या बढतीच्या आनंदावर तू पाणी फिरवलंस, सरोजा. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे. तुला माहीत असावा म्हणून लिहिते.

आणि आपला तो अर्धवट राहिलेला वाद. सात रस्त्याच्या चौकात उसाच्या रसाच्या गाड्यावर उभ्या होतो. मी म्हटलं, समज, उद्या एखाद्या कोर्टाने एवढी सगळी पुस्तकं बघितली आणि म्हटलं की हे तर सर्वमान्यच आहे, आणि खरोखर तसा निकाल दिला. म्हणजे पुढच्या महादू काकांना न विचारता कुणी काढू शकणार नाही. मग तुझी चूक चूक राहिली का?

तू रसाचा ग्लास तोंडाजवळ नेऊन थांबलीस. “मग कायदा बरोबर होईल. हवाला चूकच राहील.”

“हवाल्याला काय चाटायचंय?”

“विद्या, कोर्टाला म्हणायचंय तर त्यांनी आपल्या तोंडानं म्हणावं की. माझ्या झेरॉक्सच्या जोरावर कशाला?”

गाडेवाला ग्लास मागायला लागला आणि ते तिथेच राहिलं. मला अजूनही वाटतं, तू निम्मी चुकीची होतीस. माणसाला न्याय मिळत असेल तर तो कुठल्या दारातून आला हे कशाला बघायचं? आणि माझ्याकडे तुझ्यासाठी एक जबरदस्त मुद्दा राखून ठेवलेला होता. तो असा: ते वाक्य मुळात कुणाचं? त्या जुन्या खटल्यात हरलेल्या वकिलाचं. भल्या माणसाने तळमळून मांडलं, न्यायालयाने फेटाळलं, आणि तो विस्मरणात गेला. तुझ्या चुकीमुळे त्याचं म्हणणं इतकी वर्षं जिवंत राहिलं. उशिरा का होईना, तो जिंकलाच की नाही? मी हा मुद्दा चांगल्या वेळेसाठी ठेवला होता. चांगली वेळ म्हणजे तू बरी होऊन घरी आल्यावर.

आणि आता कपाळाला हात लावावा असं म्हणजे, तुझं उत्तर मला तुझ्या आवाजात ऐकू येतं. “मग त्याचं नाव घाल की!” झालं. राखून ठेवलेला मुद्दा एका फटक्यात गेला, आणि तोही तू नसताना.

दवाखान्यात मी भेटायला आले तेव्हा तू ग्लानीत होतीस. डोळे उघडलेस आणि काय म्हणालीस? कशी आहेस, मुलं काय म्हणतात, असलं काही नाही. म्हणालीस, “माझ्यावर तू लिहिशील. लिहिताना आधी ते नीट कर.”

मी भडकले. म्हटलं, गप पड, मी काही लिहिणार नाही, कारण तू कुठेही जात नाहीयेस.

“पुरावा?” तू म्हणालीस, आणि पुन्हा डोळे मिटलेस.

मी हो म्हटलं नाही. तुला हो ऐकायचं होतं हे मला कळत होतं, आणि हो म्हणणं म्हणजे तू जाणार हे कबूल करणं होतं, म्हणून मी उशी नीट केली, पाण्याची बाटली भरून ठेवली, आणि निघाले. तू माझ्यावर एवढं एक काम टाकलंस, आणि मी तुझ्याशी भांडून बाहेर पडले. आपल्या दोघींच्या मानाने हा निरोप नेहमीसारखाच होता म्हणायचा.

तर शोकसभा. प्राचार्य बोलायला उभे राहिले. माणूस वाईट नाही, तुलाही ते आवडायचे, पण बोलताना त्यांना अवतरण लागतं. त्यांनी हातातल्या कागदावरून ते वाक्य वाचलं. सावकाश, टिंबांपाशी थांबून. सभागृह गंभीर झालं. आणि मागच्या बाकांवरून, जिथे तुझे वकील झालेले सगळे विद्यार्थी काळ्या कोटांत बसले होते, तिथून इम्रानचा आवाज आला, मोठाही नाही आणि हळूही नाही: “सर, पुढचं पान.”

प्राचार्यांना वाटलं आपलं पान राहिलं. त्यांनी लगबगीने कागद उलटला आणि पुढचं भाषण वाचायला लागले. मागचे सगळे बाक हसले. हसताना एकेकाने खिशातून रुमाल काढला. तुझा वर्गातला नियम होता ना, ‘मागचं एक, पुढचं एक’, त्याशिवाय कुणाचंही वाक्य वहीत उतरवायचं नाही. त्या बाकांवरच्या एकालाही ते सांगावं लागलं नाही. मी तिथे पहिल्यांदा रडले, आणि नीट रडले.

तो नियम मलाही लागलाय. करार वाचताना ठीक आहे, पण आता मी औषधाच्या बाटलीबरोबरचा कागदही दोन्ही बाजूंनी वाचते, लग्नपत्रिका उलटून बघते. घरातले हसतात. तुझ्यामुळे मी जरा बरी शिक्षिका झाले, आणि हे तुला मी एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, “संदर्भ?”

सभा संपली तशी तुझ्या भावाने फ्लेक्सची गुंडाळी केली आणि घरी नेली. पुढल्या आठवड्यात मी सोलापूरच्या पूर्व भागात तुमच्या घरी गेले, तर तो बाहेरच्या खोलीत भिंतभर लावलेला. म्हणजे आता ते वाक्य तुझ्या घरात राहायला आलं होतं. अम्माला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ती त्याच्याखाली बसून लसूण सोलत होती. मी तिच्या शेजारी बसून लसूण सोलायला घेतला. पोर गेलेल्या आईला सांगायचं तरी काय? शेवटी म्हटलं, “अम्मा, ते खाली लिहिलंय ना, ते चुकीचं आहे. सरोजाला ते नको होतं.”

अम्माने मान वर करून बघितलं. “चूक हाय?”

“हो.”

“आनि फोटो?”

“फोटो बरोबर आहे.”

“मग फोटो ठेव. बाकीचं काप की.”

कपडे बेतायची कात्री तिनेच आणून दिली. मी स्टुलावर चढले आणि तुझ्या पदराखालून सरळ कापत गेले. एवढी वर्षं नियतकालिकांना, परीक्षकांना, विद्यापीठांना जमलं नाही, ते अम्माने एका वाक्यात मंजूर केलं. पट्टी मात्र तिने टाकू दिली नाही. चांगला फ्लेक्स कोण टाकतं? ती गच्चीवर नेऊन तिने त्यावर मिरच्या वाळत घातल्या. अक्षरं खालच्या बाजूला, कारण छपाईचा रंग मिरचीला लागतो म्हणे. परवा गेले तेव्हा पांढऱ्या पाठीवर लालभडक मिरच्या पसरल्या होत्या आणि ते वाक्य त्यांच्याखाली पालथं पडलं होतं. तुला दाखवायला हवं होतं. इतकी वाईट सवय लागलीय तुझी, मी जिन्यात वळून तुला हाक मारणार होते.

आता हा लेख. कॉलेज तुझ्यावर विशेषांक काढतंय. प्राचार्यांनी माझ्याकडून लेख मागितला, मी हा इथपर्यंतचा दिला. त्यांनी वाचला आणि मला बोलावलं. चेहरा अवघडलेला. फ्लेक्सचं प्रकरण त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

“मॅडम, गेलेल्या माणसाची चूक काढू नये,” ते म्हणाले.

“मी नाही काढली, सर,” मी म्हटलं. “तिनेच काढली. मी फक्त तिचा हवाला देतेय.”

मग, तुला पटणार नाही, त्यांनी पान उलटून मागचं पुन्हा वाचलं. आणि म्हणाले, “मग हवाला नीट द्या. नियमाप्रमाणे. विशेषांक असला तरी संदर्भाशिवाय लेख आपण घेत नाही.”

शोक करणाऱ्या बाईकडेसुद्धा संदर्भसूची मागणारं हे आपलं कॉलेज! एरवी मी त्यांच्या टेबलावर हात आपटला असता. त्या दिवशी मात्र मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

तर खाली तळटीप दिली आहे.¹ तू मागितलेलं हो मी तेव्हा दिलं नाही, ते हे असं देतेय. हयातभर ज्यांनी तुझं उतरवून घेतलं त्यांच्यापैकी कुणी तुझं नाव तळटिपेत घातलं नाही. पहिल्यांदा घालतेय ती मी, आणि तेही चुकीसाठी. खूश? हे लिहिताना तुझा खूप राग येतोय, आणि तू इथे नाहीस याचा त्याहून जास्त. लोकांच्या न वाचता उतरवून घेण्याच्या सवयीला आपण दोघींनी आयुष्यभर शिव्या दिल्या. आज मात्र मी हात जोडते: बाबांनो, हे एवढं तरी जसंच्या तसं उतरवून घ्या.

१. सरोजा गड्डम यांचा मूलभूत हक्कांवरील पहिला लेख. त्यात न्यायालयाचे म्हणून दिलेले वाक्य न्यायालयाचे नाही. ते हरलेल्या बाजूच्या वकिलांचे आहे, व न्यायालयाने ते फेटाळले होते. मध्ये तीन टिंबे असलेले ते वाक्य जिथे दिसेल तिथे ते याच लेखातून आले आहे असे समजावे. ही चूक सरोजा गड्डम यांनी स्वतः शोधली व मान्य केली. मागचे एक पान आणि पुढचे एक पान पाहावे.